उलटी गुंडाळी

रुवीचा स्टुडिओ बंद झाला त्या आठवड्यात
इस्माईल पेवेकरांनी निडोचा मोठा डबा
माझ्या ओट्यावर आणून ठेवला.
चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं
तर दुधाचा नाही, आंबूस वास.
आत फिल्म.
प्रत्येक आपल्याच पोटात डोकं खुपसून,
डिवचलेल्या वाणीकिड्यासारखी.

गुहागरकडून फोन होता त्यांना:
माझा भाऊ, अनंत गोणबरे,
एक्क्याण्णव साली लेबर कार्डासाठी
तुमच्यासमोर बसला होता.
घरातला फोटो वाळवीने खाल्ला, काच तेवढी राहिली.
बघा मिळाला तर.

वहीत नाव सापडायला दीड तास.
रोल चारशे बारा, तिसरी पट्टी.
मी उलगडली, तशी ती सुटून
पुन्हा बोटाभोवती बसली, अंगठीसारखी घट्ट.
मी जरा ओढली.
"जोर नको करूस," ते म्हणाले,
"ती रागावलेली नाय. सुकलीय."

मग मासा कसा साफ करायचा ते सांगावं
तसं सांगितलं:
फिल्मला दोन अंगं, एक गुळगुळीत, एक मसाल्याचं.
मसाला सुकला की आखडतो
आणि पाठीला आपल्याकडे ओढून घेतो.
त्यात इतकी वर्षं एसीत.
"माणसाची कातडी फुटते इथं, हिचं काय."

ऑगस्ट होता.
ऑगस्टमध्ये मस्कतला थंडाच्या नळाला
कढत पाणी येतं, टाकी गच्चीवर उन्हात.
बादल्या भरल्या, न्हाणीचं दार लावलं,
पट्टी दोरीला टांगली,
आणि खालच्या चिमट्याला वजन म्हणून
बंद स्टुडिओची किल्ली.
आम्ही बाहेर चटईवर बसलो,
जणू आत कुणी आंघोळ करतंय
आणि उशीर लावतंय.

पाऊण तासाने नरम झाली.
आता उलटी गुंडाळी: मसाला बाहेर, पाठ आत,
ज्या बाजूला ती आजवर वळलीच नव्हती.
रबर नाही, सुती दोरा. सैल. रात्रभर.
मी विचारलं, इस्त्री?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी चहा करायला उठले.

शुक्रवारी फजरनंतर ते थेट आले.
दोरा सोडला. पट्टी दोन काचांमध्ये,
वर शब्दकोश, त्यावर खजुराची पाच किलोची पेटी,
त्यावर त्यांचा तळहात, उगाच.

दुपारी मी ती खिडकीशी धरली.
सहा चौकटी, सहा माणसं,
सहाही गळ्यांत एकच टाय.
"स्टुडिओचा. मीच बांधायचो, कुणाला येत नसे.
हनुवटी वर कर म्हटलं
की सगळे आधी श्वास धरायचे."
चौथा अनंता.
निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं,
म्हणून बावीस वर्षांच्या पोराचे केस पिकलेले,
भुवया पिकलेल्या,
जे वय त्याच्या वाट्याला आलंच नाही
ते एवढ्याशा चौकटीत, नखाएवढं.
पेवेकर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मेंदी लावली नाही की
त्यांचेही केस तसेच दिसतात.

फोटो काळ्याचा काळा करून पाठवला.
संध्याकाळी महादेव गोणबरेंचा फोन.
आधी नुसता पंख्याचा आवाज.
मग: "टाय कुणाचा ओ?"
पेवेकर म्हणाले, "त्याचाच."

सरळ झालेली पट्टी आता डब्यात मावेना.
म्हणून शब्दकोशात ठेवलीय, 'ह'च्या आसपास.
कधी एखादा शब्द बघायला उघडला
तर पानावर नीट पडून असते,
एक कोपरा तेवढा जरासा उचललेला,
मसाल्याच्या बाजूला.